ओळखलं तर उठायचं

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी माझ्या मेलवर एक लेख आला आणि दुसरा परिच्छेद संपायच्या आत मला कळलं की तो कोणी लिहिलाय. वर नाव नव्हतं. नसतंच. संशोधनाच्या नियतकालिकांची ही रीतच आहे. लेख आला की संपादक लेखकाचं नाव काढून टाकतो आणि त्या विषयातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे तो पाठवतो. हा माणूस वाचून सांगतो, छापण्याजोगा आहे की नाही. लेखकाला परीक्षक कळू द्यायचा नाही आणि परीक्षकाला लेखक. मी कॉलेजातून निवृत्त झाले तरी असे लेख अधूनमधून येतात, कारण मराठीतून समाजशास्त्रावर लिहिणारे हल्ली फारसे उरले नाहीत आणि ते नीट वाचायला वेळ असलेले तर त्याहून कमी.

लेख कामठीच्या पॉवरलूमवरचा होता. मागावर पुरुष बसतो, पण त्याला लागणाऱ्या कांड्यांवर सूत भरून देतात घरातल्या बाया. स्वयंपाक करता करता, पोर मांडीवर घेऊन. त्याला कोणी काम म्हणत नाही. हा विषय आमच्या विदर्भात एकाच बाईने हाती धरला होता. विषय बाजूला ठेवला तरी वाक्यं तिचीच होती. ‘सदर’, ‘प्रस्तुत’ असले शब्द तिच्या लेखणीला कधी चिकटले नाहीत. आधी बायांचं बोलणं मांडायचं, मग स्वतःचं, आणि मध्येच एक प्रश्न टाकून उत्तर न देता पुढे निघून जायचं. मी वाचत होते आणि मला तिचा आवाज ऐकू येत होता. कित्येक वर्षं जो आवाज मी ऐकला नव्हता, तो माझ्या टेबलावर बोलत होता.

मी तिसऱ्या पानापर्यंत गेले आणि थांबले. ओळखलं तर उठायचं, हे मला ज्या घरात शिकवलं गेलं ते घर तिचंही होतं.

ते घर सरांचं. नागपूरला धंतोलीत, तळमजल्यावर, पुढच्या खोलीत एक लाकडी टेबल आणि खाली सतरंजी. सर निवृत्त प्राध्यापक होते आणि तिथून एक त्रैमासिक काढायचे. मराठीतलं, समाजाच्या अभ्यासाचं, वर्गणीदारांच्या जिवावर रडतखडत चालणारं. आम्ही दोघी त्यांच्या हाताखाली संपादनाचं काम करायचो. पगार नव्हता, पद नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं मानाचं काम मी पुढे कधी केलं नाही. उन्हाळ्यात कुलरच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून सर त्यांच्यावर घरातली वजनं मापं ठेवायचे, आणि काकू, म्हणजे सरांच्या बायको, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “माह्यं अर्धा किलोचं माप कुठी नेलं?”

लेख आला की सर वर्तमानपत्राची एक पट्टी कापायचे आणि कणकेच्या खळीने लेखकाच्या नावावर चिकटवायचे. मगच तो सतरंजीवर यायचा. हे सगळं ठीक, पण नागपूर पडलं केवढंसं! कोण कशावर लिहितंय, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण ‘वस्तुतः’ शिवाय श्वास घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पट्टीखालचं नाव पहिल्या पानावरच कळून यायचं. म्हणून सरांनी एक नियम घातला होता. ज्याने लेखक ओळखला आणि ज्याचं त्या लेखकाशी काही आहे, मैत्री असो की वैर, त्याने गुपचूप उठून चहा ठेवायला जायचं. त्या दिवशी चहा करणाऱ्याचा त्या लेखावर शब्द नाही. कारण कोणी विचारायचं नाही.

माझा चहा पांचट व्हायचा. त्यामुळे मी उठले की सर कपाळावर हात मारायचे. तिचे लेख आले की मी उठायची, माझे आले की ती. एकदा तिसऱ्याच कोणाच्या लेखाच्या वेळी मी आणि ती दोघीही एकदम उठलो आणि स्वयंपाकघरात एकमेकींना बघून हसत सुटलो. लेखक आम्हा दोघींना एकाच वेळी नकोसा झालेला एक गृहस्थ होता. काकू म्हणाल्या, “दोघींनी मिळून तरी आज बरा चहा करा वं.”

त्या गृहस्थांनी एकदा लेखासोबत संत्रा बर्फीचा डबा आणला होता. सरांनी लेख ठेवून घेतला आणि डबा त्यांच्या हातात परत दिला. गृहस्थ फाटकातून बाहेर पडत होते आणि आम्ही दोघी खिडकीतून त्या डब्याकडे बघत होतो.

“सर,” ती म्हणाली, “डब्यावर पट्टी लावून ठेवून घेतला असता नं. बर्फीले कुठी नाव असते?”

सर हसले नाहीत असं दाखवायचा प्रयत्न करत होते, पण त्यांचं पोट हलत होतं. मला ते पोट हलणं अजून दिसतं. मला ती खोली, ती खळ, ते कपाळावर हात मारणं, सगळं हवंय. वयामुळे माणूस असा हळवा होतो म्हणतात. असेल. मला हवंय ते हवंय.

ती कामठीची. आजोबांनी छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, वडील मागावर, आई कांड्या भरणारी. ती शेअर ऑटोने इंदोऱ्यापर्यंत यायची आणि पुढे बस. माझं माहेर नागपुरातल्या महाल भागातलं, पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत लेखणी घासणारं. आमच्या घरात पुस्तकांना कपाट होतं, तिच्या घरात कपाट ठेवायला भिंत नव्हती, सगळ्या भिंती मागाने घेतल्या होत्या. हे ती हसत सांगायची. तिचा पहिला लेख सरांनी तिला इतक्या वेळा परत दिला की शेवटी ती रडकुंडीला आली. प्रत्येक वेळी समासात बारीक पेन्सिलीने एकच प्रश्न, “हे तुला कोणी सांगितलं?” ती परत कामठीला जायची, परत विचारायची, परत लिहायची. तो लेख छापून आला तेव्हा तिच्या आईने अंक हातात घेतला आणि लेकीच्या नावावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठे आहे ते लेकीने दाखवलं होतं.

नावाच्या बाबतीत सर फार कडक होते. आमच्या विद्यापीठांत एक चाल आहे. पोरांनी राबून लेख लिहायचा आणि गाईडचं नाव पहिलं टाकायचं. कधी विभागप्रमुखांचंही, कधी तर त्यांच्या साडूच्या मुलाचंही. न टाकलं तर पोराचा प्रबंध कपाटात अडकतो. सर अशा लेखाच्या लेखकांना एकेकटं बोलवून घ्यायचे आणि एखादं वाक्य दाखवून विचारायचे, हे का लिहिलं? ज्याला उत्तर देता आलं नाही त्याचं नाव खोडायचे. “नाव वर घालायची हौस असते,” ते म्हणायचे, “पण उद्या कोणी उठून विचारलं, तर जाब कोण देणार? ज्याला जाब देता येत नाही, तो लेखक नाही.” यावरून त्यांनी शहरातली बरीच मोठी माणसं दुखावून घेतली. स्वतःची चूकही ते अंकाच्या पहिल्या पानावर छापायचे, शेवटच्या पानाच्या तळाशी नाही. चूक सगळ्यांना दिसली तर दुरुस्तीही सगळ्यांना दिसू दे, असा हिशेब.

मग सर गेले. ऐन उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. त्रैमासिकाचं काम माझ्याकडे आलं, कारण ती तेव्हा नोकरीसाठी सावनेरला होती आणि मी गावात. आम्ही दोघींनी ठरवलं की पुढचा अंक सरांच्या स्मरणाचा काढायचा. तिने लेख द्यायचा कबूल केलं.

लेख आला. फार सुंदर लेख होता, तिच्या आजवरच्या लिखाणात उजवा. त्यावर दोन नावं होती. पहिलं सरांचं, दुसरं तिचं.

मला आधी वाटलं टायपिंगमध्ये काही गडबड झाली. मी तिला फोन केला तर म्हणाली, “नाही, बरोबर आहे ते.” शनिवारी ती धंतोलीला आली. तीच खोली. सरांच्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं, आम्ही सतरंजीवर बसलो होतो.

“हा लेख त्यांनी पाहिला होता?” मी विचारलं.

“नाही.”

“यातलं काही त्यांनी सांगितलं होतं?”

“सगळंच त्यांनी सांगितलं. मले लिहायले कोणी शिकवलं? प्रश्न विचारायले कोणी शिकवलं?”

“शिकवणं वेगळं गं. हा लेख लिहिला गेला तेव्हा सर नव्हते. त्यांचं नाव लेखक म्हणून कसं घालणार? आपण ऋणनिर्देशात लिहू. हवं तर सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरात.”

“ऋणनिर्देशात तं लोक लायब्ररीवाल्यालेही घालतात,” ती म्हणाली.

मी तिला सरांचंच बोलणं ऐकवलं. जाब देता आला पाहिजे. उद्या कोणी या लेखातल्या एखाद्या बाईच्या बोलण्यावर बोट ठेवलं, तर सर कुठून येऊन सांगणार? शिवाय त्यांना विचारलंच नाही आपण. हयात माणूस निदान नाही म्हणू शकतो. गेलेल्या माणसाच्या नावाने आपण काहीही छापलं तरी तो गप्पच राहणार, आणि संपादकाने नेमकं तिथेच त्याच्या बाजूने उभं राहायचं असतं. हे सगळं मी बोलले. बोलताना माझा आवाज चढला. मी रागीट आहे, हे काही लपलेलं नाही.

ती शांतपणे ऐकत होती आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

“तुह्या घरी पुस्तकांचं कपाट होतं,” ती शेवटी म्हणाली. “तुले सर भेटले नसते तरी तू लिहिलं असतं. मले नसते भेटले तं मी आज कांड्या भरून राहिली असती. माह्यापाशी त्यांले द्यायले दुसरं काही नाही वं. हे एक होतं, ते दिलं. तू ते परत करून राहिली.”

दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या पुढे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, “छाप ना वं. त्यायचंच मासिक, त्यायचंच नाव. कोणाले काय त्रास होऊन राहिला?”

त्या क्षणी मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. नवरा गेलेल्या बाईला, जिच्या हातचं मी वर्षानुवर्षं खाल्लं, नाही म्हणायचं होतं, आणि तेही तिच्या नवऱ्याच्याच शब्दावरून. मी नाही म्हटलं. काकू उठून आत गेल्या. तिने लेखाचे कागद उचलले, घडी घालून पिशवीत ठेवले, आणि म्हणाली, “मग राहू दे. एकटीच्या नावाने मी देणार नाही.” आणि गेली.

मी बरोबर होते, असं मला आजही वाटतं. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन. पण बरोबर असण्याला सोबत नसते. त्या अंकात तिचा लेख नव्हता. जे वर्गणीदार अंक उघडून पहिल्यांदा तिचं नाव शोधायचे, त्यांनी मला विचारलं. मी काहीबाही सांगितलं. पुढे छपाई परवडेना, लेख येईनात, त्रैमासिक बंद पडलं. काकू त्यांच्या भावाकडे राहायला गेल्या आणि धंतोलीच्या त्या जागेवर आता दातांचा दवाखाना आहे.

एकदा सीताबर्डीला मी तिला लांबून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, हातात कापडी पिशवी, केस पांढरे झालेले. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मध्ये बस आली. बस गेली तेव्हा ती तिथेच होती. माझाच धीर झाला नाही.

दरम्यान जग बदललं. हल्ली मला रोज मेल येतात, “आदरणीय विद्वान” म्हणून. पैसे भरा, आठवड्यात छापतो. परीक्षण होतं की नाही विचारलं तर म्हणतात, होतं ना मॅडम, दोन दिवसांत होतं. एका पठ्ठ्याने तर मला अशा एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर न विचारता बसवून टाकलं होतं. माझं नाव काढा म्हणून मी भांड भांड भांडले. चिडून चिडून दमल्यावर हे सांगावं तरी कोणाला, असं वाटायचं आणि उत्तर एकच यायचं. या गोष्टीवर माझ्याइतकीच चिडली असती अशी एकच बाई होती.

आणि आता तिचा लेख माझ्यासमोर, बिननावाचा. पुढे वाचलं असतं तर कोणाला कळलं नसतं. लेख चांगला होता, मी चांगला म्हटलं असतं, तो छापला गेला असता. त्यात कोणाचं काय बिघडलं असतं? मी खुर्चीत बसून स्वतःशीच हुज्जत घातली. तिचं पुढचं वाक्य काय असेल, त्या प्रश्नानंतर ती कुठे गेली असेल, हे मला इतकं जाणून घ्यायचं होतं की माझा हात आपोआप माऊसवर जात होता. भूक लागलेल्या माणसासमोरून ताट उचलावं तसं झालं. मी फाइल बंद केली आणि संपादकाला कळवलं की लेखक माझ्या ओळखीचा आहे, मला परीक्षण करता येणार नाही.

संपादक पुण्याकडचा तरुण प्राध्यापक होता. त्याने फोन केला. चांगला मुलगा, कळकळीने बोलत होता.

“मॅडम, या विषयावर तुमच्याशिवाय मला कोणी सापडत नाही. आणि ओळख काय, सगळ्यांचीच सगळ्यांशी असते. तुमचं त्यांच्याशी काही वाकडं आहे का?”

“नाही.”

“मग जवळचं नातं?”

“आहे,” मी म्हटलं. “म्हणूनच म्हणते.”

“बरं,” तो म्हणाला. “मग लेखकाला कळवावं लागेल की उशीर होईल. एका परीक्षकाने ओळख असल्यामुळे लेख परत केला, एवढंच लिहितो. तुमचं नाव अर्थातच येणार नाही.” मी त्याला नागपूरबाहेरच्या दोन अभ्यासकांची नावं सुचवली आणि फोन ठेवला. दिवसभर मला काही सुचलं नाही. तिच्या लेखाला माझ्यामुळे दुसऱ्यांदा अडथळा आला, हेच डोक्यात होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुपारी मी वरणाला फोडणी घालत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर.

“लेख काहून परत केला वं तू?”

हॅलो नाही, कशी आहेस नाही. मी गॅस बंद केला.

“कोणता लेख?” मी म्हटलं. परीक्षकाने स्वतःची ओळख द्यायची नसते.

“नाटकं नको करू. एका परीक्षकाने ओळख निघाली म्हणून लेख सोडला, असं संपादकाने कळवलं मले. आजच्या काळात असं करणारं माणूस नागपुरात एकच आहे.”

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

“किती वाचला?” तिने विचारलं.

“तिसऱ्या पानापर्यंत.”

“अन् थांबली?”

“थांबले.”

पलीकडे कुठेतरी मागाची खटखट चालू होती. मग ती म्हणाली, “मले माहीत होतं, या विषयाचा लेख फिरून फिरून तुह्याकडंच येईन. म्हणून तं तिथं पाठवला. दुसऱ्या कोणी वाचला नसता तरी चाललं असतं मले.”

“असं परीक्षक हेरून पाठवणं हेही नियमात बसत नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “एवढे वर्ष तुह्या दारावर कसं यायचं तेच समजून नाही राहिलं होतं.”

तिने माझ्यासाठी लिहिलं होतं आणि मी तिसऱ्या पानावरून ते परत पाठवलं होतं.

“आता तं दुसरे लोक वाचून राहिले. तुह्या हातात काही नाही,” ती म्हणाली. “आता वाचता येते नं तुले?”

“येतं.”

“मग ये. चुका काढ. रागव. मले रागवणारं कोणी राहिलं नाही.”

“मेलवर पाठव ना,” मी म्हटलं. काय बोलावं ते न कळल्यावर माणूस असलंच काहीतरी बोलतं.

“मेलवर नाही. घरी ये.”

“येते,” मी म्हटलं. बोलणं संपलं होतं. फोन मात्र दोघींपैकी कोणीच ठेवत नव्हतं.